साठ हजार फायली आणि तेवीस कॉलम

प्रश्न : मी चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कारखान्यात क्वालिटी विभागात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. मागच्या वर्षी आमचा जुना शेअर्ड ड्राइव्ह जसाच्या तसा शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन फाइल-व्यवस्था) एका लायब्ररीत चढवला. सुमारे ६०,००० फायली आणि ३,१०० फोल्डर आहेत. ड्रॉइंग, पीपॅप (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं), कंट्रोल प्लॅन (उत्पादनात काय, कसं तपासायचं त्याचा आराखडा), स्टीलच्या टीसी (माल तपासल्याची प्रमाणपत्रं), कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं (मोजमापाची उपकरणं तपासल्याची), शिवाय मराठीतला सरकारी पत्रव्यवहार. ऑडिट जवळ आल्यावर साहेबांनी सांगितलं, 'सगळ्याला मेटाडेटा लावा,' म्हणजे प्रत्येक फाइल कशाची आहे याची माहिती तिच्यासोबत नोंदवा. सल्लागाराने लेखक, विषय, कीवर्ड, सारांश, भाषा, प्रकाशक वगैरे २३ कॉलम दिले आणि सगळे भरणं सक्तीचं केलं. दोन महिन्यांत ४०० फायलीसुद्धा झालेल्या नाहीत. लोक वैतागले आहेत आणि कित्येकांचं सिंक (संगणकावरच्या प्रतीशी आपोआप जुळणी) बंद पडलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ती सक्ती आजच काढा. सिंक बंद पडण्याचं कारण बहुधा तीच आहे. लायब्ररीत एखादा कॉलम भरणं बंधनकारक असेल किंवा चेकआउटची (फाइल आधी आपल्या नावे घेऊनच बदलायची) अट असेल, तर वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं सिंकचं ॲप) ती लायब्ररी फक्त वाचण्यापुरती सिंक करतो. फाइलवर कुलूप दिसतं आणि केलेला बदल वर चढत नाही. लायब्ररी सेटिंग्जमध्ये एकेक कॉलम उघडून 'माहिती आवश्यक' ही अट 'नाही' करा. कंटेंट टाइप (दस्तऐवजाच्या प्रकारानुसार कॉलमचे संच) वापरले असतील तर हीच अट तिथे वेगळी लावलेली असू शकते, तीही पाहा.

सक्तीचा दुसरा तोटा त्या ४०० फायलींतच दिसेल. एक पिव्होट (एक्सेलमधला मोजणीचा तक्ता) काढून प्रत्येक ड्रॉपडाउनमधला पहिला पर्याय किती वेळा आलाय ते बघा. घाईतला माणूस फॉर्म पुढे सरकवण्यासाठी यादीतलं सगळ्यात वरचं नाव निवडतो. रिकामा कॉलम निदान खरं सांगतो की माहिती नाही. चुकीचा भरलेला कॉलम ऑडिटरसमोर तोंडघशी पाडतो. त्यामुळे या ४०० नोंदी 'झालेल्या' धरू नका.

आता हिशेब. एका फाइलला एक मिनिट धरलं तरी ६०,००० मिनिटं, म्हणजे १,००० तास. आठ तासांच्या पाळीने ते १२५ दिवस होतात, आणि २३ कॉलम एका मिनिटात भरून होत नाहीत. माणसाने फाइल उघडून मेटाडेटा भरायचा हा शेवटचा उपाय आहे. तुम्हाला हवी असलेली बरीचशी माहिती आधीच कुठेतरी लिहिलेली आहे : फोल्डरच्या नावात, फाइलच्या नावात, ईआरपीच्या (कंपनीच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर) आयटम मास्टरमध्ये, म्हणजे पार्टांच्या मूळ यादीत. ती तिथून काढायची, तपासायची, आणि जे उरेल तेवढंच माणसापुढे ठेवायचं.

सल्लागाराची यादी ओळखीची आहे. ती डब्लिन कोअर या पंधरा घटकांच्या मानकावर बेतलेली दिसते. १९९५ साली वेबवरच्या साहित्याची सूची करण्यासाठी ते सुरू झालं आणि त्या कामाला ते उत्तम आहे. पण कॅलिब्रेशन सर्टिफिकेटचा 'प्रकाशक' कुणी कधी विचारणार आहे? कॉलम ठरवण्यासाठी मागच्या दोन ऑडिटच्या नोंदी आणि 'ती फाइल कुठंय' अशा विचारणांच्या मेल समोर ठेवा. लोक ज्या शब्दांनी फाइल मागतात, तेच कॉलम. तुमच्या उद्योगात ते साधारण असे निघतील : सगळ्या फायलींना दस्तऐवजाचा प्रकार, दस्तऐवजाचा दिनांक आणि स्थिती (लागू, रद्द, तपासायचे). ड्रॉइंग, पीपॅप आणि कंट्रोल प्लॅनला पार्ट नंबर, ग्राहक आणि रिव्हिजन. टीसीला पुरवठादार, जीआरएन नंबर (माल आल्याच्या पावतीचा) आणि हीट नंबर (पोलाद ज्या वितळीतून आलं तिचा). कॅलिब्रेशन सर्टिफिकेटला उपकरण क्रमांक आणि वैधता. सरकारी परवान्यांना खातं आणि वैधता. प्रत्येक प्रकाराचा वेगळा कंटेंट टाइप केला की टीसी भरणाऱ्याला रिव्हिजनचा रकाना दिसतच नाही. कुठल्याही एका फाइलला सहापेक्षा जास्त कॉलम लागू नयेत, असा हट्ट धरा.

रिव्हिजनबद्दल एक इशारा. शेअरपॉइंट स्वतः प्रत्येक फाइलला आवृत्ती क्रमांक देतो, आणि 'तोच रिव्हिजन समजू' असं कुणीतरी म्हणतंच. तसं करू नका. कुणी फाइल उघडून एक स्पेस टाकून सेव्ह केली तरी आवृत्ती वाढते. ड्रॉइंगची रिव्हिजन मात्र ग्राहकाच्या बदल-सूचनेनंतरच बदलते. रिव्ह 'बी'ची फाइल शेअरपॉइंटच्या लेखी ७.० असू शकते.

जतनाची मुदत हासुद्धा कॉलम करू नका. आयएटीएफ १६९४९ (२०१६) या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या कलम ७.५.३.२.१ नुसार पार्ट मंजुरी, टूलिंग, डिझाइन, खरेदी ऑर्डर वगैरेंच्या नोंदी तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये चालू आहे तोवर, अधिक एक कॅलेंडर वर्ष, जपायच्या असतात. ग्राहकाने किंवा कायद्याने वेगळं सांगितलं असेल तर तसं. म्हणजे मुदत फाइलवरून ठरत नाही, पार्टवरून ठरते. 'पार्ट चालू आहे का' हे पाचशे फायलींवर लिहिलंत तर पार्ट बंद झाल्याच्या दिवशी पाचशे ठिकाणी बदलावं लागेल आणि चारशे ठिकाणी राहून जाईल. पार्टची एक वेगळी यादी करा : पार्ट नंबर, ग्राहक, चालू की बंद, बंद झाल्याची तारीख. फाइलवर फक्त पार्ट नंबर असू द्या. याच ड्राइव्हवर पुरवठादारांची बिलंही पडली असतील तर ती बाजूला काढून अकाउंट्सकडे द्या. त्यांना कंपनी कायदा २०१३ चं कलम १२८ लागू होतं आणि तिथे किमान आठ आर्थिक वर्षांचा हिशेब आहे.

कॉलम ठरले की फायलींची यादी काढायची. जुना शेअर्ड ड्राइव्ह अजून शाबूत असेल तर यादी त्यावरूनच काढा आणि काम संपेपर्यंत तो पुसू देऊ नका. वर्ड-एक्सेलच्या फायली शेअरपॉइंटवर चढताना त्यांच्या पोटात शेअरपॉइंट आपले गुणधर्म लिहितो, त्यामुळे त्यांचा आकार आणि हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) दोन्ही बदलतात. तंतोतंत सारख्या प्रती हॅशवरूनच सापडतात, म्हणून ते मोजमाप मूळ ड्राइव्हवर व्हायला हवं. पॉवरशेलच्या (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करून चालवायची सोय) गेट-चाइल्डआयटम आणि गेट-फाइलहॅश या दोन आज्ञांनी पूर्ण पाथ (फोल्डरांसकट फाइलचा पत्ता), आकार, तारखा आणि एसएचए-२५६ हॅश एका सीएसव्हीत (रकान्यांची साधी मजकूर-फाइल) येतात. हॅश सारखा असलेल्या फायलींपैकी कुठली ठेवायची हे ठरल्यावर मगच मेटाडेटाचा विचार करा. नाहीतर एकाच कंट्रोल प्लॅनच्या सहा प्रतींना निगुतीने तेच ते लेबल लावत बसाल.

इथे तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो. एक, विंडोजबरोबर येणारं जुनं पॉवरशेल ५.१ एक्सपोर्ट-सीएसव्हीत साधी आस्की पद्धत वापरतं, जिच्यात मराठी अक्षरं बसत नाहीत. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. आज्ञेत एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. दोन, पॉवरशेल ७ ही पद्धत आपणहून वापरतं, पण फाइलच्या सुरुवातीची बीओएमची खूण टाकत नाही, त्यामुळे डबल-क्लिकने उघडल्यावर एक्सेलमध्ये मराठीचा विचका दिसतो. तिथे माहिती गेलेली नसते, फक्त वाचायला चुकलेली असते. तीन, आणि हे सगळ्यात महाग पडतं : एक्सेल सीएसव्ही थेट उघडताना पार्ट नंबरांशी खेळतो. ००४५१ चा ४५१ होतो, ०३-१२ ची तारीख होते, १२ई०५ चे बारा लाख होतात. सीएसव्ही फाइल कधीही डबल-क्लिकने उघडू नका. डेटा टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करा, पॉवर क्वेरीने (एक्सेलचं आयातीचं साधन) आपणहून घातलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी काढून टाका आणि सगळे कॉलम टेक्स्ट ठेवा.

आता खरं काम. पाथ उलट्या तिरक्या रेघेवर तोडून प्रत्येक पातळीचा वेगळा रकाना करा, आणि ६०,००० फायलींकडे पाठ फिरवून ३,१०० फोल्डरांची यादी समोर घ्या. त्यातही नावं फिरून फिरून तीच असतात : 'पीपॅप', 'पीपॅप डॉक्स', 'पीपॅप_न्यू', 'फायनल पीपॅप', 'फायनल पीपॅप २'. फोल्डरच्या नावाची वेगवेगळी रूपं एका रकान्यात आणि त्यांचा खरा अर्थ शेजारच्या रकान्यात असा तक्ता करा. हा तक्ता तुम्ही एकट्याने करू नका. टूल रूम, क्वालिटी आणि स्टोअरमधला जुना माणूस शेजारी बसवला तर 'शिंदे साहेब बॅकअप' या फोल्डरात काय आहे ते तो दोन वाक्यांत सांगतो. ही बैठक तीन-चार दिवसांची असते आणि सगळ्या कामातला सर्वात फलदायी वेळ तोच. 'इतर', 'मिसलेनियस', 'न्यू फोल्डर' यांना जबरदस्तीने अर्थ चिकटवू नका. त्यांना 'तपासायचे' लावा आणि पुढे चला.

पार्ट नंबर फाइलच्या नावातून काढता येतो, पण काढल्यावर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. तुमच्या नंबरांची ठेवण (समजा चार आकडे, डॅश, एक अक्षर) शोधणारा नमुना लिहा आणि जे सापडेल ते ईआरपीच्या आयटम मास्टरशी एक्सलुकअपने (एक्सेलचं जुळणी शोधणारं सूत्र) जुळवा. मास्टरमध्ये असेल तरच स्वीकारायचं. '२०१९-ए' हे पार्ट नंबरासारखं दिसतं, पण ते वर्ष आणि सेक्शन असू शकतं. मास्टरशी जुळवल्याशिवाय हे उघड होत नाही. ग्राहकाचं नावही फोल्डरमधून घेण्यापेक्षा पार्ट नंबरवरून मास्टरमधून घ्या, कारण फोल्डरमध्ये एकाच ग्राहकाची चार संक्षिप्त रूपं असतात. दोन्हीकडून आलेली नावं जुळली नाहीत तर ती फाइल बाजूला काढा. तिथे बहुतेक वेळा फाइल चुकीच्या फोल्डरात पडलेली असते, आणि ते कळणं हाही फायदाच.

यादीत प्रत्येक किमतीशेजारी (किंमत म्हणजे कॉलममध्ये भरलेली माहिती) ती कुठून आली तेही एका शब्दात लिहा : पाथ, नाव, मास्टर की माणूस. हा रकाना शेअरपॉइंटवर न्यायची गरज नाही, पण नियम चुकला असं महिन्याभराने लक्षात आलं तर नेमक्या किती फायली परत कराव्या लागतील ते यावरूनच कळतं.

दस्तऐवजाचा दिनांक फाइलच्या तारखांवरून घेऊ नका. विंडोजमध्ये फाइल दुसरीकडे कॉपी केली की 'निर्मिती' तारीख कॉपीच्या दिवसाची होते आणि 'बदल' तारीख जुनीच राहते. निर्मिती बदलानंतरची दिसली तर ती फाइल कॉपी झालेली आहे, एवढंच त्यातून समजा. तयार झाल्याची तारीख वर्ड-एक्सेल फायलींच्या आतल्या गुणधर्मांत असते, पण कुणी जुन्या टेम्प्लेटवर 'सेव्ह ॲज' केलं असेल तर तीही दगा देते. लेखकाच्या नावाचं तेच : कित्येक ठिकाणी पहिला टेम्प्लेट बनवणाऱ्याचंच नाव दहा वर्षं चालत राहतं. ड्रॉइंग आणि सर्टिफिकेटवर छापलेली तारीख हाच खरा दिनांक. ती फाइलच्या नावात नसेल तर फक्त चालू पार्टसाठी माणसाकडून भरून घ्या. भरताना वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवा, कारण ०३-०४-२०१९ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून राहतं. आर्थिक वर्षाचा कॉलम हाताने भरायला लावू नका. दिनांकावरून सूत्राने काढा, १ एप्रिल ही सीमा.

मराठी फायलींचं प्रकरण निराळं आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, एमआयडीसी आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरचा पत्रव्यवहार, युनियनचे वेतन करार : यातल्या जुन्या वर्ड फायली श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असण्याची शक्यता मोठी. स्क्रीनवर मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. 'संमतीपत्र' शोधलं की काही सापडत नाही, आणि लोक म्हणतात सर्चच बाद आहे. ओळखायची सोपी खूण : मजकुराचा तुकडा नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा दिसला तर फॉन्ट जुना. मूळ फाइलला हात लावू नका, तिची सही-शिक्क्याची स्कॅन प्रत असेल तर तोच पुरावा. कन्व्हर्टरने युनिकोड केलेली ओळ फक्त शीर्षकाच्या कॉलममध्ये घाला. असा पत्रव्यवहार साठ हजारांत काही शेकड्यांचाच असतो, म्हणून इथे हाताने भरणं परवडतं.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. 'कऱ्हाड'मधला ऱ्ह निरनिराळ्या कीबोर्डवर निरनिराळ्या पद्धतीने उमटतो : कुठे एकच ऱ, कुठे र आणि खाली नुक्ता, कुठे र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळे शब्द. म्हणून गावं, पुरवठादार, खाती यांची नावं कुणालाही टाइप करू देऊ नका, निवडूच द्या.

निवडीसाठी दोन पर्याय आहेत : चॉइस कॉलम (त्या कॉलमपुरती यादी) किंवा टर्म स्टोअर (सगळ्यांसाठी एकच मध्यवर्ती यादी). दहाबारा किमती असतील आणि त्या क्वचित बदलत असतील (स्थिती, दस्तऐवजाचा प्रकार) तर चॉइस पुरतो. ग्राहक आणि पुरवठादार टर्म स्टोअरमध्ये ठेवा. उद्या एखाद्या ग्राहकाने नाव बदललं तर टर्मचं नाव एकदा बदलायचं, आणि कराड-कऱ्हाडसारखे समानार्थी शब्दही एकाच टर्मला जोडता येतात. पण हात आखडता ठेवा. एका व्ह्यूमध्ये (फायलींची यादी दाखवायची मांडणी) लुकअप (दुसऱ्या यादीतून घेतलेले), व्यक्ती आणि टर्म स्टोअरचे मिळून १२ पेक्षा जास्त कॉलम आले की शेअरपॉइंट व्ह्यू दाखवायचं नाकारतो, आणि 'कोणी तयार केली', 'कोणी बदलली' हे दोन त्यात धरले जातात.

कॉलम बनवताना पहिलं नाव इंग्रजीत, छोटं, स्पेस न टाकता द्या आणि सेव्ह झाल्यावर दिसणारं नाव मराठी करा. कॉलमचं अंतर्गत नाव पहिल्या वेळीच कायमचं ठरतं. देवनागरी नाव दिलं तर प्रत्येक अक्षर आणि मात्रेच्या जागी सात चिन्हांचा संकेत बसतो, आणि सगळं ३२ चिन्हांवर कापलं जातं. मग 'दस्तऐवज दिनांक' आणि 'दस्तऐवज प्रकार' यांची अंतर्गत नावं जवळजवळ एकसारखी होतात, आणि स्क्रिप्ट लिहिणारा कपाळाला हात लावतो.

तुमची सगळी लायब्ररी एकच असणं ही खरी अडचण आहे. ५,००० नोंदींच्या पुढे गेलेल्या लायब्ररीत इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसलेल्या कॉलमवर फिल्टर लावला की व्ह्यू अडतो, आणि नवा इंडेक्स लावायची सोय २०,००० नोंदींपर्यंतच आहे. ६०,००० वर तुम्ही ती सीमा केव्हाच ओलांडलीत. म्हणून पाच रिकाम्या लायब्ररी करा : उत्पादन दस्तऐवज, टीसी, कॅलिब्रेशन, सरकारी परवाने, जुनं संग्रहण. रिकाम्या असतानाच कॉलम आणि इंडेक्स लावून घ्या (एका लायब्ररीला जास्तीत जास्त २०), मग 'मूव्ह टू'ने तुकड्यातुकड्याने फायली हलवा. एकमेकांना जोडलेल्या एक्सेल फायली असतील तर त्यांचे दुवे तुटतील. अशा फायलींची यादी आधी करून त्या एकत्र हलवा आणि दुवे नव्याने जोडा. कुणी काय पाहायचं हेही लायब्ररीच्या पातळीवरच ठरवा. एचआरच्या फायली या साइटवर असतील तर त्यांना वेगळी साइट द्या. त्या लपवायला 'गोपनीय' असा कॉलम पुरत नाही.

किमती चढवायला पीएनपी पॉवरशेल (शेअरपॉइंटसाठी पॉवरशेलच्या जादा आज्ञा) वापरा. सप्टेंबर २०२४ पासून त्याला कंपनीची स्वतःची ॲप नोंदणी लागते, ती आयटीकडून आधी करून घ्या. आज्ञा सेट-पीएनपीलिस्टआयटम, आणि तिच्यासोबत अपडेटटाइप सिस्टिमअपडेट लिहायला विसरू नका. नाहीतर साठ हजार फायलींवर 'बदल केला' या जागी तुमचं नाव आणि कालची तारीख बसेल, प्रत्येकीची एक आवृत्ती वाढेल, आणि कुठल्या फायली खरोखर अलीकडच्या आहेत हे कुणालाच सांगता येणार नाही. 'शेवटच्या बदलापासून इतकी वर्षं' अशी रिटेन्शनची (जतनाच्या मुदतीची) लेबलं असतील तर तारीख बदलताच त्यांची मुदतही पहिल्यापासून सुरू होते. सिस्टिमअपडेटनेही पॉवर ऑटोमेटचे फ्लो (आपोआप चालणारी कामं) मात्र चालू होऊ शकतात. 'फाइल बदलली की मॅनेजरला मेल' असा फ्लो कुणी बसवला असेल तर आधी तो बंद करा. दोन हजारांच्या तुकड्यांत, रात्री किंवा साप्ताहिक सुटीला चालवा. दिवसा सर्व्हरकडून ४२९ चा (फार विनंत्या झाल्याचा) नकार येण्याची शक्यता जास्त. तो आला तर सांगितलेला वेळ थांबून पुढे जायचं, लूप जोरात फिरवायचा नाही.

प्रत्येक तुकड्यानंतर यादृच्छिक शंभर फायली उघडून बघा. पाचपेक्षा जास्त चुका निघाल्या तर त्या शंभर दुरुस्त करत बसू नका, नियम दुरुस्त करा आणि तुकडा पुन्हा चालवा.

टीसीचा हीट नंबर सहसा स्कॅनच्या आत असतो. त्यासाठी मजकूर ओळखणारी एआयची सेवा घ्यावी का, हा प्रश्न येईलच. आमचं मत : आत्ता नको. अशा सेवांत पानागणिक पैसे जातात, आणि फिकट स्कॅनमध्ये शून्य आणि ओ, ५ आणि एस, ८ आणि बी यांची गल्लत ठरलेली. हीट नंबरमध्ये एक चिन्ह चुकलं तर ट्रेसेबिलिटीच (कुठला पार्ट कुठल्या मालाचा हे शोधण्याची सोय) गेली. स्टोअरने माल घेताना जीआरएनमध्ये हीट नंबर टाकला असेल तर तो ईआरपीतून उचला आणि टीसीला जीआरएन नंबरने जोडा. जुन्या, ईआरपीआधीच्या टीसी फक्त चालू पार्टपुरत्या हाताने भरा. बंद पार्टच्या टीसी संग्रहणात फोल्डरसकट जाऊ द्यात, त्यांना पुरवठादार आणि वर्ष एवढं पुरतं.

नव्या फायलींसाठी लायब्ररीत ग्राहकवार एकेक फोल्डर ठेवा आणि 'कॉलम डिफॉल्ट व्हॅल्यू'मधून त्याला ग्राहकाचं नाव जोडा. माणसाने फाइल त्यात ओढली की तो कॉलम आपोआप भरतो. जुन्या फायलींना हे लागू होत नाही, म्हणूनच वरची सगळी उठाठेव. एका सवयीवर मात्र नजर ठेवा : जुना कंट्रोल प्लॅन उघडायचा आणि 'सेव्ह ॲज' करून नव्या पार्टचा बनवायचा. वर्ड-एक्सेल फायलींच्या पोटात जुना पार्ट नंबर मेटाडेटा म्हणून बसलेला असतो, आणि चढवताना शेअरपॉइंट तोच वाचून नव्या फाइलला लावतो. पीडीएफला हे होत नाही. उपाय म्हणजे कंटेंट टाइपला रिकामा टेम्प्लेट जोडणं आणि 'नवीन' बटणातूनच फाइल काढायला लावणं. शिवाय आठवड्याला एकदा फाइलच्या नावातला पार्ट नंबर आणि कॉलममधला पार्ट नंबर जुळत नाहीत अशा फायलींची यादी काढा.

ऑडिट जवळ आहे म्हणून क्रम बदला : कॅलिब्रेशन आणि परवाने आधी, ड्रॉइंग आणि पीपॅप त्यानंतर, टीसी शेवटी. पहिल्या गटात फायली कमी असतात आणि वैधतेचा एकच कॉलम भरला की लगेच फळ दिसतं. कॅलिब्रेशनच्या लायब्ररीत एक व्ह्यू करा : स्थिती 'लागू', आणि वैधता दिनांक [टुडे]+६० पेक्षा कमी किंवा तेवढाच. संपलेली आणि येत्या साठ दिवसांत संपणारी सर्टिफिकेटं एका पानावर येतात. साहेबांना ते पान दाखवा, आणि त्याच बैठकीत १७ कॉलम काढून टाकायची परवानगी मागून घ्या.